सर्व्हेत लोक विचारणाऱ्याचं आडनाव बघून उत्तर देतात का?

भांडुपवाली: सुट्टीत इलेक्शन सर्व्हेचं काम घेतलंय, डोंगरावरच्या वस्तीत घरोघरी फिरते. काल एका काकूंनी माझं आयकार्ड हातात घेऊन आडनाव वाचलं आणि मग म्हणाल्या "आमचं मत तुमच्यावाल्यांनाच हो". संध्याकाळी दुसऱ्या समाजातली माझी मैत्रीण चुकून त्याच दारात गेली तर तिला भलताच पक्ष सांगितला. मी काय भरू फॉर्मात? खरंच त्रास होतोय.

निवृत्त मास्तर: बाळ, याचा अमेरिकेत मोठा अभ्यास झालाय. १९८२ ला टॉम ब्रॅडली, लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर, कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे होते, सर्व्हेत पुढे आणि निकालात थोडक्यात पडले, तेव्हापासून सर्व्हेत कृष्णवर्णीय उमेदवाराचं नाव सांगायचं आणि मत दुसऱ्याला द्यायचं, याला ब्रॅडली इफेक्ट हे नाव. १९८९ ला व्हर्जिनियात गव्हर्नरपदाला उभे असलेले डग्लस वाइल्डर, तेही कृष्णवर्णीय, सर्व्हेत आरामात पुढे होते, जिंकले ७ हजारांहून कमी मतांनी. आणि तिथेच दिसलं की विचारणारा कृष्णवर्णीय असला की वाइल्डरना मत देणार म्हणणारे गोरे वाढायचे. तुझ्या काकू तेच करतायत, समोरच्याचं मन मोडायचं नाही.

लोकल८_०५: सगळं खोटेपणावर ढकलू नका मास्तर. ब्रॅडलींच्या वेळी पोस्टाने आलेली मतं विरोधात गेली हेही कारण सांगतात, आणि २००८ ला ओबामांच्या वेळी असा फरक काही दिसला नाही. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला ३५० च्या वर जागा देत होते, आल्या २९३. त्यात दुपारी दार कोण उघडतं हा पण प्रश्न आहेच ना, नोकरीवाला तेव्हा ऑफिसात असतो.

चाळीतली: मला काकूंचं पटतं. आमच्या गॅलरीत असा मुलगा आला होता, शेजारच्या तिन्ही दारांत माणसं उभी, आईने पक्षाचं नाव घेतलंच नाही, "बघू अजून" म्हणाली. तिचं कधीच ठरलं होतं. उद्या पाण्यावरून भांडण झालं की हेच काढतात. लोकनीती-सीएसडीएस ही निवडणुकांचे सर्व्हे करणारी संस्था आहे ना, ते मतपत्रिकेसारखा कागद देतात, शिक्का मारून घडी करायची आणि पेटीत टाकायची, विचारणाऱ्याला काहीच दिसत नाही. तसं मागून घे.

भांडुपवाली: सुपरवायझरला सांगते. कार्डावरचं आडनाव झाकलं तर चालेल का तेही विचारते. काकूंकडे परत जाऊ?

चाळीतली: नको गं. दोनदा विचारल्यावर त्या घाबरतील.