शुभंकरांच्या गटासाठी फंडिंग कुठून आणायचं? (सातारा)

अजिंक्यताऱ्याखालची:
नमस्कार मंडळी. साताऱ्यात आम्ही काही घरं मिळून शुभंकरांचा, म्हणजे घरच्या पेशंटची काळजी घेणाऱ्यांचा, एक गट चालवतो. घरात स्ट्रोक, डिमेन्शिया नाहीतर पार्किन्सन्सचा पेशंट आणि सगळं करायला एकच माणूस, बहुतेक ठिकाणी बायको किंवा सून. महिन्यातून एकदा ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलवर जमतो, हॉल फुकट मिळतो, चहा आम्हीच करतो. पण ज्यांना खरी गरज आहे त्याच येत नाहीत, पेशंटला सोडून येणार कशा? म्हणून डोक्यात आलंय की तेवढ्या वेळापुरतं पेशंटजवळ बसायला शिकलेलं माणूस द्यायचं, शिवाय फिजिओला बोलवून उचलणं-वळवणं, बेडसोअर, नळीतून भरवणं हे नीट शिकवायचं. नर्सिंग ब्युरोची मावशी दोन-तीन तासांसाठी येतच नाही, अख्ख्या शिफ्टचे पैसे मागते. वर्षाला अडीच-तीन लाखाचा हिशोब होतोय. एमआयडीसीतल्या एका कंपनीत विचारलं तर 12 ए, 80 जी, सीएसआर-1 असं काय काय मागितलं, आमचं तर साधं रजिस्ट्रेशन पण नाही. ट्रस्ट काढावा का? सरकारी स्कीम आहे का काही?

ताळेबंद:
ट्रस्ट काढू नका, निदान आत्ता तरी नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होईल, 12 ए (संस्थेला इन्कम टॅक्समध्ये सूट) आणि 80 जी (देणगीदाराला सूट) पण मिळेल, पण बाहेरच्या संस्थेला सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर खर्चायचे, पैसे द्यायचे तर तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव लागतो, नियमातच आहे. म्हणजे तोवर दरवर्षी ऑडिट, रिटर्न, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट हे सगळं करत बसा आणि हातात काही नाही. त्यापेक्षा गावातला एखादा जुना ट्रस्ट बघा, आरोग्य किंवा ज्येष्ठांसाठी काम करणारा (शाळेचा नको, "तशाच कामाचा" हा शब्द आडवा येतो), सीएसआर-1 (असे पैसे घ्यायची सरकारी नोंदणी) झालेला, 1 एप्रिल 2021 पासून त्याशिवाय पैसे घेताच येत नाहीत. त्यांचा प्रकल्प म्हणून तुमचं काम चालवायचं. एमओयू, म्हणजे करार, लेखी करा, वेगळं लेजर ठेवायला सांगा, आणि खर्चाची सही कुणाची हे आधी ठरवा, भांडणं तिथेच होतात.

कृष्णाकाठ:
सरकारी स्कीमच्या मागे फार लागू नका असं माझं मत. केंद्राचा नॅशनल ट्रस्ट चांगलाय पण तो 1999 च्या कायद्याने ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच आहे, तुमचे स्ट्रोकवाले आजोबा त्यात बसत नाहीत. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत संस्थांना अनुदान मिळतं पण ते मुख्यतः वृद्धाश्रम, कंटिन्युअस केअर होम असल्या गोष्टींना, दोन तास बसायला येणाऱ्या माणसाला नाही. घरचं माणूस कुठल्याच रकान्यात नसतं हो, पेशंट असतो नाहीतर संस्था असते.
केरळात कोझिकोड-मलप्पुरमकडे पॅलिएटिव्ह केअरचं (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं) जाळं लोकांच्या छोट्या छोट्या वर्गणीवर उभं राहिलं. तसं करा की, शंभर घरं महिना दोनशे रुपये, झाले की वर्षाचे दोन लाख चाळीस हजार.

ठाणे_लोकल:
@कृष्णाकाठ वर्गणी गोळा करायला पण माणूस लागतो आणि इथे सगळ्या आधीच दमलेल्या आहेत, त्यांनाच पावतीपुस्तक देणार का? गणपतीची वर्गणी मंडळाची पोरं मागतात म्हणून जमते.
ताई, मी एका संस्थेसाठी प्रपोजल लिहायचे म्हणून सांगते. कंपनी कायद्याच्या शेड्यूल 7 मध्ये (सीएसआरचे विषय तिथे दिलेत) शुभंकर हा शब्द शोधू नका, नाहीये. आरोग्य आहे, आणि ज्येष्ठांसाठी डे केअर व इतर सुविधा आहेत, त्यात बसवा. लाभार्थी लिहिताना पेशंट आणि शुभंकर दोन्ही वेगळे मोजा, नाहीतर सीएसआरवाला विचारतो की तीन लाखात फक्त पंचवीस बायका का. बसायला येणाऱ्या माणसाचे पैसे "मानधन" म्हणून कोपऱ्यात टाकू नका, तोच तुमचा प्रकल्प आहे, पहिली ओळ तीच. हॉल फुकट, चहा तुमचा, हे पण रुपयात लिहा, तुमचा वाटा म्हणून दिसतो. आणि मोजायचं काय? किती मीटिंगा झाल्या ते नको, आधी न येणाऱ्या किती जणी यायला लागल्या ते. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनकडे शुभंकरांचे गट जुने आहेत, एकदा जाऊन बसा, बरंच कळेल.

अजिंक्यताऱ्याखालची:
बापरे, खूप धन्यवाद सगळ्यांना. एक ट्रस्ट आहे डोळ्यासमोर, दवाखाना चालवतात. पण त्यांचे अकाउंटंट म्हणतात अ‍ॅडमिन खर्च 5 टक्क्यांच्या वर दाखवता येत नाही, मग कोऑर्डिनेटरचा पगार कुठे टाकायचा?

ताळेबंद:
ती 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, संस्थेच्या नाही. हा गोंधळ सगळीकडे दिसतो. कोऑर्डिनेटर प्रकल्पाचंच काम करतो, तो प्रकल्प खर्चात. कंपनीने स्वतःची वेगळी अट घातली असेल तर गोष्ट निराळी, पत्र मागून घ्या.
आणि वैयक्तिक देणगीदारांना 80 जी चं गाजर फार दाखवू नका, नव्या टॅक्स रिजीममध्ये ती सूट मिळत नाही. जुन्यात असतील त्यांनाही 2000 च्या वर रोख दिले तर नाही, यूपीआय किंवा चेक घ्या.

एडिसनकर:
न्यू जर्सीतून लिहितोय, मूळचा कोरेगावचा. इकडे 2000 साली ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्टमध्ये फॅमिली केअरगिव्हरसाठी वेगळा कार्यक्रमच घातला, केंद्राचे पैसे राज्यांमार्फत स्थानिक एजिंग ऑफिसकडे येतात आणि त्यातून घरच्यांना चार तास सुट्टी मिळावी म्हणून माणूस देतात, तुम्ही म्हणताय तेच. पैसे पुरत नाहीत ही ओरड इथेही आहेच म्हणा. आम्ही चार-पाच सातारकर मिळून पहिल्या वर्षाचं बघू शकतो, पाठवू का सरळ ट्रस्टच्या खात्यावर?

ताळेबंद:
थांबा! पासपोर्ट कुठला आहे ते आधी बघा. भारतीय नागरिक असाल तर तिकडच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, तर ती परदेशी देणगी, ट्रस्टला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, लागेल, आणि ते पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच येतात. दवाखान्याच्या ट्रस्टकडे एफसीआरए आहे का?

अजिंक्यताऱ्याखालची:
नाही बहुतेक, उद्या विचारते.

एडिसनकर:
माझा आणि अजून एकाचा पासपोर्ट भारतीय आहे, बाकीचे तिघे ओसीआय. मग सुरुवात आम्ही दोघं करतो, ट्रस्टचं ठरलं की खाते नंबर मला व्यनि (खाजगी निरोप) करा, इथे उघड टाकू नका.

ठाणे_लोकल:
आणि पासपोर्टची झेरॉक्स ट्रस्टकडे देऊन ठेवा, ऑडिटच्या वेळी विचारतात.