राजापूर: हापूसची ६० कलमं, मार्चात विहीर तळाला. ठिबक करावं की बोअर?

परळकर०७
कातळावरची साधारण २० वर्षांची ६० कलमं. विहीर चिऱ्याने बांधलेली, १२ फूट व्यासाची, मार्चात पाणी जेमतेम चार फूट. पंप दीड एचपी. गडी पाईप धरून पाणी घालतो, किती ते देव जाणे. मुंबईहून महिन्यातून एकच फेरी होते. ठिबक करू की सरळ बोअर मारू?

झरा_पऱ्या
बोअरवाल्याला फोन करण्याआधी विहीर मोजा. १२ फूट व्यासाला एक फूट पाणी म्हणजे साधारण ३,२०० लिटर. संध्याकाळी उपसा थांबवून पातळीला दोरीची गाठ मारा, सकाळी किती चढलं ते बघा. दीड फूट चढलं तर रात्रीचा झिरपा ४,८०० लिटर. आता गरज बघा. मोठ्या कलमाला एका पाळीला १५० ते २०० लिटर. २० झाडांना ४,०००, म्हणजे तीन दिवसांत बाग पुरी. हे मोजमाप मार्चातच करा, दिवाळीतल्या आकड्याला अर्थ नाही.

आणि पाणी कधी द्यायचं, हे किती द्यायचं याहून महत्त्वाचं. पाऊस सरल्यावर कलमांना ताण बसू द्या. नोव्हेंबरात पाणी दिलंत तर मोहोराऐवजी पालवी फुटते. फळ वाटाण्याएवढं झालं की पहिली पाळी, मग दर १५ दिवसांनी अशा तीन-चार. काढणीच्या महिनाभर आधी बंद.

परळकर०७
म्हणजे ५,००० लिटरची टाकी पुरेल? आणि नळी बुंध्याशी सोडायची ना?

ठिबकवाला
टाकी पुरेल. बुंध्याशी मात्र नको, पाणी पिणारी मुळं तिथे नसतात. १६ मिमीची नळी फांद्यांच्या घेराखाली गोल फिरवा, तिला ताशी ८ लिटरचे आठ ड्रिपर, म्हणजे थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडं. तासाला ६४ लिटर, म्हणजे २०० लिटरला तीन तासांच्या थोडं वर. हा हिशोब १ किलो दाबाचा, म्हणजे १० मीटर उंचीचा. टाकी १० फुटांच्या चौथऱ्यावर ठेवलीत तर दाब तीन मीटरच, धार जवळजवळ निम्मी आणि वेळ साडेपाच-सहा तास. उतार असेल तर टाकी बागेच्या डोक्यावर न्या. टाकीवर चालवायचं असेल तर प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब कमी-जास्त झाला तरी धार सारखी ठेवणारे) ड्रिपर घेऊ नका, एवढ्या कमी दाबाला ते नीट चालत नाहीत. दुकानदार तेच गळ्यात मारेल.

दुसरी गोष्ट, पाण्यात लोह आहे का बघा. बादलीत रात्रभर ठेवून सकाळी तळाला तांबूस गाळ दिसला तर हेच लोह ड्रिपर बुजवणार. पंपाचं पाणी टाकीत वरून फवाऱ्यासारखं पाडा, हवा लागली की लोह खाली बसतं. रात्रभर निवळू द्या. बाहेर जाणारा पाईप तळापासून सहा इंच वर, तळाला गाळ काढायची वेगळी तोटी. पुढे जाळीचा फिल्टर लागेलच. दर पाळीला नळ्यांची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा.

झरा_पऱ्या
विहिरीच्या वरच्या बाजूला वहाळ (ओढा) असेल तर ऑक्टोबरअखेर, धार बारीक झाल्यावर वनराई बंधारा घाला, म्हणजे पाणी अडून विहिरीकडे झिरपेल. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या तीन-चतुर्थांश मातीने भरून शिवा, विटांसारखे सांधे चुकवून रचा. तळातली वाळू कातळापर्यंत खरवडा, नाहीतर पाणी खालून पळतं. दोन्ही टोकं काठात घुसवा, आणि मधोमध सांडवा (जादा पाणी जायची वाट) थोडा खाली ठेवा. पावसाआधी गोण्या काढा, नाहीतर त्या वाहून खाडीत जाऊन पडतात.

परळकर०७
गड्याचं काय करू? फोनवर "घातलं घातलं" म्हणतो.

ठिबकवाला
टाकीच्या बाहेरच्या पाईपवर एक इंची पाण्याचा मीटर बसवा. रोज पाणी सुरू करताना आणि बंद करताना आकड्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. एका दिवसाच्या २० झाडांना ४,००० च्या आसपास फरक यायला हवा. २,००० आला तर ड्रिपर तुंबलेत किंवा व्हॉल्व्ह अर्धाच उघडलाय. ४,००० च्या बराच वर गेला तर कुठेतरी नळी कुरतडली गेलीय.