‘गॅसलाइटिंग’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका: ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या २०२० च्या भयपटावरील लेखाचा अनुवाद करताना मी ‘गॅसलाइटिंग’पाशी, म्हणजे एखाद्याला स्वतःच्याच जाणिवेवर आणि आठवणीवर शंका घ्यायला लावण्यापाशी, अडले आहे. कॅमेरा रिकाम्या कोपऱ्याकडे वळून तिथेच रेंगाळतो. नायिका सिसिलिया ज्याच्या तावडीतून पळाली तो तिथे अदृश्यपणे उभा आहे हे एकट्या तिलाच जाणवते, तिच्या नावाने बहिणीला विखारी ईमेल जातो आणि सगळे तिलाच भ्रमिष्ट ठरवतात. मी ‘वेड्यात काढणे’ लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘मनोभ्रमनिर्मिती’ सुचवले.

कोल्हापूरकर: ‘मनोभ्रमनिर्मिती’ कोणती बाई बहिणीला फोनवर सांगेल? माझ्या मावशीच्या डब्यातले पैसे नवरा काढून घेई आणि ‘तूच कुठेतरी ठेवून विसरलीस’ असे इतक्या शांतपणे सांगे, की शेवटी ती कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने नोटा मांडून ठेवू लागली. ती म्हणायची, ‘मला खुळ्यात काढत्यात.’

शब्दनिष्ठ: मावशींबद्दल वाईट वाटते, परंतु ‘वेड्यात काढणे’ आपण थट्टेतही म्हणतो. १९४४ च्या ज्या ‘गॅसलाइट’ चित्रपटामुळे हा शब्द रुजला, त्यात नवरा माळ्यावर गॅसचा दिवा लावतो म्हणून खालची ज्योत मंदावते आणि बायकोला मात्र आपल्यालाच भास होत असल्याची खात्री पटू लागते. हा स्वतःवरचा अविश्वास ‘बुद्धिभेद’ या शब्दात आहे, आणि तो गीतेपासून आपला आहे.

अनुवादिका: बुद्धिभेद जनतेचा होतो, सभेत होतो, स्वयंपाकघरात तो शब्द मी कधी ऐकलेला नाही.

जुना वाचक: मग ‘छळ’ का नको? संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट, मराठीत त्याचा जाच झाला. या चित्रपटात दोन्ही एकत्र आहेत.

कोल्हापूरकर: आज ‘छळ’ शब्दात कपट कोणाला ऐकू येते? आमच्या मावशीने ‘छळ होतो’ म्हटले, तेव्हा घरच्यांनी आधी ‘मारतो का?’ असेच विचारले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात धरला, पण बोलण्यातला अर्थ अजून वळांपाशीच थांबलेला आहे.

शब्दनिष्ठ: बोलण्यात अर्थ झिजला म्हणून मूळ सोडायचे का?

जुना वाचक: मूळ धरायचे तर ‘सासुरवास’ म्हणजे फक्त सासरी राहणे. ‘माहेरवास’ म्हटले की लाड आठवतात आणि ‘सासुरवास’ म्हटले की जाच. ‘वास’ मात्र दोन्हीकडे तोच आहे.