शब्दचर्चा : 'टॅक्स क्रेडिट'ला 'करसवलत' म्हणावं का?

प्रश्न : अमेरिकेतल्या स्कूल चॉइसवरचा (सरकारी शाळेऐवजी पालकांना हवी ती शाळा, खासगीसुद्धा, निवडता यावी यासाठीच्या योजनांवरचा) मजकूर मराठीत आणतोय. 'एज्युकेशन टॅक्स क्रेडिट'ला 'शैक्षणिक करसवलत' चालेल का? आणि 'पब्लिक सपोर्ट'ला?

हिशेबनीस : करसवलत फार ढोबळ आहे, त्यात वजावटही येते. वजावट उत्पन्नातून होते, क्रेडिट थेट करातून. समजा कर ३,००० डॉलर आहे आणि ५०० डॉलर देणगी दिली. शंभर टक्के क्रेडिट असेल तर भरायचे २,५०० उरतात. तेच ५०० वजावटीत धरले, तर २२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ११० डॉलरच वाचतात. आपल्याकडे १९६१च्या आयकर कायद्यात ८०सीखाली मुलांची ट्यूशन फी दाखवायचे, ती वजावट. टीडीएस करातून वळता होतो, ते क्रेडिट.

प्रश्नकर्ता : मग 'करजमा'? क्रेडिट म्हणजे जमाच ना?

दप्तरी : नको. 'करजमा' वाचून कर गोळा झाला असंच वाटेल. टीडीएसच्या उदाहरणात आलेलंच क्रियापद घ्या : 'देणगीची रक्कम करातून वळती होते'. पेशवाईच्या कागदांत यालाच 'मजुरा पडतील' म्हणत, म्हणजे देण्यात धरले जातील. शब्द नेमका आहे, पण आज तळटीप लागेल. नाम हवंच असेल तर सरळ 'टॅक्स क्रेडिट' ठेवा, पहिल्या उल्लेखाला हे वाक्य जोडा.

हिशेबनीस : 'वळती' सगळीकडे बसणार नाही. ओक्लाहोमाच्या २०२३च्या कायद्यात क्रेडिट थेट पालकाला मिळतं, आणि कर त्याहून कमी असला तरी उरलेली रक्कम हातात पडते. तिथे 'परताव्यासह' लिहा. २०२५च्या संघीय कायद्याचं उलट आहे. क्रेडिट देणगीदाराला, १,७०० डॉलरपर्यंत, १ जानेवारी २०२७पासून, तेही राज्य सहभागी झालं तर. देणगी शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला जाते आणि ठरावीक मुलाच्या नावाने देता येत नाही. त्यामुळे 'पालकांना करसवलत' हे भाषांतर साफ चूक.

दप्तरी : 'सरकारी अनुदान'ही लिहू नका, वादाचा गाभाच तो आहे. ॲरिझोनाने १९९७मध्ये असं क्रेडिट आणलं. त्यावरच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं, की हा पैसा सरकारी तिजोरीत आलेलाच नाही, म्हणून केवळ करदाते या नात्याने दावा लावता येत नाही. अल्पमताच्या मते, खर्च केला काय आणि कर सोडला काय, फरक नाही. 'अनुदान' लिहिलंत की तुम्ही अल्पमताच्या बाजूला गेलात.

प्रश्नकर्ता : आणि 'पब्लिक सपोर्ट'?

दप्तरी : मतचाचणीबद्दल असेल तर 'लोकांचा पाठिंबा', पैशाबद्दल असेल तर 'सरकारी मदत'. 'सार्वजनिक समर्थन' कोणीही बोलत नाही. चाचणीतला प्रश्न मात्र शब्दशः आणा. 'सरकारी खर्चाने खासगी शाळा' विचारलं की होकार घटतो, 'देणगीदाराला क्रेडिट' विचारलं की वाढतो. शब्द सौम्य केलात तर आकडा खोटा पडेल. चाचणी आणि मतदानही एकत्र करू नका. नोव्हेंबर २०२४मध्ये केंटकी, नेब्रास्का आणि कोलोरॅडो या तिन्ही राज्यांत मतपेटीतला कौल स्कूल चॉइसच्या विरोधात गेला.

हिशेबनीस : एक राहिलं. तिथलं 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी शाळा. तसंच ठेवलंत तर आपला वाचक महागडी खासगी शाळा समजेल आणि अख्खा मजकूर उलटा वाचेल.