गिटार नाही म्हणून काय झालं
गिटारशिवाय सायकेडेलिक रॉक (भ्रमात, स्वप्नात नेल्यासारखं वाटणारं रॉक संगीत) होऊच शकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी 'द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' या बँडचा त्याच नावाचा १९६८चा अल्बम ऐकाच. एकुलता एक, लगेच बँड फुटलाही. गिटार औषधालासुद्धा नाही, पण गॉर्डन मॅरनचं इलेक्ट्रिक व्हायोलिन रिंग मॉड्युलेटरमधून (आवाज धातूसारखा खरखरीत करणारं उपकरण) असं करवतीसारखं कापत येतं की गिटारची आठवणही होत नाही. हेडफोन लावून पहिलं गाणं ऐका, सर्कशीतली वाजंत्री आणि मिरवणुकीतले बँड एकमेकांत घुसतात, या कानातून त्या कानात सरकतात, मग गायिका डोरोथी मॉस्कोविट्झचा तो थंड, सरळ आवाज येतो आणि गाणं पुढे जातं तसा हळूहळू विस्कटत जातो, माझ्या तर दरवेळी अंगावर काटा येतो.