बालाघाटाच्या माथ्यावरचा उन्हाळा: तुमच्याकडचं ऊन, वारं, पाणी आणि गावची खबर लिहा

टीव्हीवर ‘बीड ४२ अंश’ असं दाखवतात तेव्हा गेवराई-माजलगावची गंगथडी, म्हणजे गोदाकाठ, आणि पाटोदा-धारूरचा घाटमाथा एकाच आकड्यात बसवलेले असतात. खाली काळी माती, कालव्याचं पाणी, आणि रात्री बारा वाजले तरी उकाडा हटत नाही. वर सगळं मुरमाड बरड. दुपारी खडकावर पाय ठेववत नाही, पण दिवस मावळला की वारं सुटतं आणि पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागते. पाण्याचं मात्र उलटं आहे. मांजरा पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, तिचं पाणी धनेगावच्या धरणात साठतं आणि लातूरला जातं. उगमाकडच्या वाड्या मार्च सरताना टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसतात.

आपल्या डोंगरात खरी वर्दळ याच दिवसांत असते. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली माणसं साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी येतात. कुलपं निघतात, लग्नं लागतात, रखडलेले वाद मिटतात. या दोन-अडीच महिन्यांतलं हवामान आणि गावची बातमी आपणच लिहून ठेवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. दुसरं कोणी ते लिहिणार नाही. तालुका जरूर लिहा. बालाघाटाची डोंगररांग म्हणजे मी धारूर-अंबाजोगाईपासून येडशी-तुळजापूरपर्यंत धरतोय. अजिंठ्याच्या रांगेतल्या आणि माहूरकडच्या मंडळींनीही यावं.

पाटोदा तालुका, ऊसतोड कुटुंबातून

आम्ही चैत्रात आलो. घर उघडलं, सारवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर नंबर. टँकर आमच्याकडं थेट विहिरीत ओततात. पाणी पडताना तळचा गाळ उसळतो, सगळं तांबूस होतं. ते निवळायला दुपार जाते, पण तोवर थांबायचा धीर कोणाला? चार-पाच जणी एकदम पोहरे सोडतात, दोर एकमेकांत अडकतात, काठावरच्या दगडाला दोरानं पडलेल्या खाचा बोटभर खोल आहेत. घरी आणून लुगड्याच्या दुपदरी फडक्यातून गाळायचं आणि रांजणात तुरटी फिरवायची.

सध्या लग्नसराई आहे. ज्या घरी लग्न, त्या दिवशीची एक खेप त्या घराला सोडायची, असं आमच्या वाडीत चालत आलंय. ठराव वगैरे कोणी केलेला नाही. भांडणतंटा असलेल्या घरालाही सोडतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आष्टी तालुका, शेतकरी

परवा वळीव झाला. दुपारभर वारं पडलेलं, लिंबाचं पान हलत नव्हतं, जनावरं दावणीला अस्वस्थ. तीनच्या पुढं धुळीचा लोट उठला, पाठोपाठ हरभऱ्याएवढ्या गारा. गोठ्याचे दोन पत्रे उडून शेजारच्या रानात पडले, केशरच्या बागेत कैऱ्यांचा सडा. दोन किलोमीटरवरच्या वाडीत टिपूस नाही.

माझं दुखणं इथंच आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि आमच्या मंडळाचं पर्जन्यमापक यंत्र खाली रस्त्यालगतच्या गावात आहे. डोंगरावर ढग रिकामा झाला तर त्याला कळणार कसं? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्याची गारपीट आठवा, तेव्हाही एक शिवार झोपलं होतं आणि लगतचं उभं होतं. मी आता घरी साधं मापक बसवलंय, वहीत तारखेसह मांडतो. प्रत्येक वाडीत एकानं तरी हे करावं.

विजेचंही सांगतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आमच्याकडच्या मेंढपाळ पोरांच्या फोनमध्ये घालून दिलंय. आसपास वीज पडण्याचा धोका ते आधी दाखवतं. अडचण एवढीच की दरीत रेंज जाते. म्हणून पोरांना सांगून ठेवलंय: गडगडाट ऐकू आला की माथा सोडायचा, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, मेंढरांच्या घोळक्यात उभं राहायचं नाही. घर गाठता आलं नाही तर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं.

धारूर, सीताफळवाले

आत्ता आमचा डोंगर पाहिला तर वाटेल सगळं वाळून गेलंय. सीताफळ उन्हाळ्यात पान टाकून देतं, नुसत्या करड्या काड्या उभ्या असतात. वळवाचे दोन चांगले शिडकावे झाले की कोंब फुटतात आणि पालवीबरोबरच फुलं लागतात. पाला गुरं-शेळ्या खात नाहीत, म्हणून चराईच्या रानातही झाड टिकून राहतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कोरडवाहू, दगडात वाढलेल्या फळाच्या गोडीला.

२०२५ चा मे विसरणं शक्य नाही. ऐन मे महिन्यात पावसाळ्यासारखा पाऊस लागला आणि पावसाळाही महाराष्ट्रात २६ मेच्या आत येऊन पोचला. आमची झाडं वेळेआधी फुटली, फुलोरा भरघोस. आनंद झाला होता. पुढं सप्टेंबरच्या पुरात मराठवाडा बुडाला, तेव्हा तोडणीला आलेली फळं झाडावरच काळी पडली. डोळे उघडलेलं, चकचकीत मोठं फळ, आणि हातात घेतलं की आतून पाणी.

येडशी परिसर

आमच्याकडची मोठी खबर वाघाची. २०२४ च्या डिसेंबरात रामलिंग घाट अभयारण्यात तो कॅमेऱ्यात दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. बिबट्या आम्हाला ठाऊक, वाघ आमच्या आजोबांनीही पाहिलेला नाही. पुढचा उन्हाळा त्याच चर्चेत गेला. सरपणाला एकटीनं जायचं नाही, गुरं दिवस बुडायच्या आत परत. पाणवठा आटला की जनावर गावाकडं सरकतं, त्यामुळं वनखात्याच्या पाणवठ्यात टँकरनं पाणी पडलं की नाही याकडं गावाचं लक्ष असतं. पूर्वी ते कोणी विचारत नव्हतं. भीती आहेच, पण एवढ्या लांबून आलेल्या जिवाला आपल्या रानात थारा मिळाला याचा मला अभिमानही आहे.

येरमाळा

चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा. भर उन्हात लाखांनी माणूस येतो आणि पालखीच्या वाटेवर चुन्याचे खडे वेचतो. आमच्या गल्लीत प्रत्येक दारासमोर माठ मांडतात. गेल्या काही यात्रांपासून मिठा-साखरेचं पाणी आणि ओल्या फडक्यांची बादली ठेवतो. भोवळ आलेल्याला आधी सावलीत आडवं करून मान, काख, मांड्या ओल्या करा. बोलणं असंबद्ध झालं असेल तर पाणी पाजत न बसता दवाखाना गाठा.

वाशी तालुका, माळवदाच्या घरातून

आमच्या घरी अजून माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छत आहे. मे महिन्यात त्यावर पांढरी माती चढवायची, ढाळ नीट करायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या, हे मृगाआधीचं काम. बाहेर पाऊल टाकवत नसतं तेव्हा आत पंख्याशिवाय झोप लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली माणसं गेली, तेव्हापासून लोकांनी धास्तीनं पत्रे घातले, स्लॅब टाकले. त्यांना दोष देता येत नाही. पण पत्र्याखालची दुपार म्हाताऱ्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला सोसत नाही. आमच्या वाड्यात गल्लीतल्या चार आज्या दुपारी येऊन पडतात. आम्ही भिंतींना आडवे लाकडी पट्टे घातलेत, जुनी माती उकरून मगच नवी टाकतो, म्हणजे वजन वाढत नाही.

माहूर-किनवट

आमचा उन्हाळा जंगलाचा. पहाटे मोहफुलं, मग तेंदूपत्ता. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि वारं उलटलं की वणवा लागतो. आमच्या तांड्यावर आता झाडाखाली जुनी लुगडी अंथरतात. फूल स्वच्छ मिळतं, वाळवायला सोपं जातं, भावही बरा येतो. हे सगळीकडं व्हायला हवं.

म्हैसमाळ

हजार मीटरच्या वर असल्यानं संध्याकाळ गार असते, तेवढ्यासाठी संभाजीनगरहून गाड्यांची रांग लागते. विनंती एकच: प्लॅस्टिकच्या बाटल्या परत न्या.

अंबाजोगाई तालुका, शिक्षक

२०१६ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा, म्हणजे श्रमदानानं पाणी अडवायची गावागावांतली चढाओढ, तीन तालुक्यांत झाली: वरूड, कोरेगाव आणि आमचा अंबाजोगाई. त्याच एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येत होती, आणि आम्ही पहाटे पाचला टेकाडावर कुदळी घेऊन. मोठ्या शेतकऱ्याच्या हातात घमेलं आणि त्याच्या सालगड्याच्या हातात खोरं, एका ओळीत. त्या पावसाळ्यात आम्ही खणलेले चर पाण्यानं भरले तेव्हा बायका चरांच्या काठी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

आता त्यातले बरेच चर गाळानं भरलेत. दरवर्षी मेमध्ये ते उपसले पाहिजेत, आणि तिथंच आपण कमी पडतो. उद्घाटनाला गाव येतं, उपशाला पाच माणसं.

पाटोदा तालुका, ऊसतोड कुटुंबातून

गुरुजी, आमच्या वाडीत मृगापर्यंत माणसं घरी आहेत. विहिरीच्या वरच्या अंगाला गायरान पडून आहे. चराची रेघ कशी आखायची ते सांगाल का? मशीन आणायला पैसे नाहीत.

अंबाजोगाई तालुका, शिक्षक

ताई, मशीन नको. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी, वरच्या टोकाहून दोरीला दगड. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीवर जिथं येते तिथं खूण करा. पाय अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांच्या मधोमध तिसरी पक्की खूण. आता दोरी या खुणेवर येईल तसा एक-एक पाय पुढं टाकत चला आणि प्रत्येक ठिकाणी फक्की टाका. ती रेघ समपातळी. चर दोन फूट रुंद, एक फूट खोल, माती उताराच्या बाजूला. सुरुवात टेकडीच्या माथ्याकडून करा, खालून नको, नाहीतर पहिल्याच पावसात वरचं पाणी खालचे चर फोडील. गायरान आहे म्हणून ग्रामपंचायतीची परवानगी आधी लेखी घ्या. येत्या रविवारी मी दोन पोरं आणि तयार चौकट घेऊन येतो, सकाळी सहाला माणसं जमवा.