मदत हवी आहे: आत्याला आणि तिच्या तानपुऱ्याला मिरजेला न्यायचंय, कधी जावं?

मंडळी, नमस्कार. मिरज-सांगलीकडची बरीच माणसं इथे आहेत हे जुने धागे वाचून ठाऊक आहे, म्हणून सविस्तर विचारते.

माझी आत्या ७६ वर्षांची आहे. बडोद्याला आमच्याकडेच असते. तिचं लहानपण मिरजेत गेलं. आजोबा रेल्वेत होते, त्यामुळे जंक्शनजवळच्या क्वार्टरमध्ये ही सगळी भावंडं वाढली. पुढे आजोबांची बदली झाली, आत्याचं लग्न होऊन ती इकडे आली आणि मिरज सुटली ती सुटलीच. आता तिथे आमचं कुणी नाही.

आत्या गाणं शिकली ती मिरजेतच. मैफली केल्या नाहीत, पण घरात रोज पहाटे तानपुरा लागायचा. ती सोळा वर्षांची असताना आजोबांनी सतारमेकर गल्लीतून तिच्यासाठी तो करून घेतला होता. अजून आहे आमच्याकडे. पाच वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले, त्यानंतर तिने त्याला हात लावला नव्हता. गेल्या दिवाळीत मी खोळ काढली तर भोपळ्याला बुंध्याकडे बोटभर लांब चीर गेलेली, एक खुंटी फिरेना, आणि तार छेडली की नुसता ठप्प आवाज. पूर्वी तार छेडल्यावर जो नाद गोल गोल फिरत राहायचा, त्याचा पत्ताच नाही. आत्याने घोडीवरून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरून, बोट फिरवलं आणि म्हणाली, "तारांनी घरं केलीत बघ. जवारी गेली." घोडीचा माथा नेमका घासलेला असला की तो गोल नाद येतो, त्याला जवारी म्हणतात. मीही बोट फिरवून पाहिलं. नखाला लागतील असे चार बारीक चर होते.

त्या दिवसापासून ती मिरजेबद्दल बोलायला लागली. आणि बोलते ते एकाच गोष्टीबद्दल, मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसातलं गाणं. नऊ-दहा वर्षांची असताना आजोबा तिला घेऊन जायचे. चिंचेखाली जाजम अंथरलेलं, थंडी, आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून ही झोपायची. कोण गात होतं ते तिला आठवत नाही. जाग आली की तानपुरे चालूच असायचे आणि शालीवर चिंचेचा पाला पडलेला असायचा, एवढं मात्र ती इतक्या वेळा सांगते की मलाही ते पाहिल्यासारखं वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. प्लेगमधून उठल्यावर ते या दर्ग्यात गायले आणि मग दरवर्षी उरुसात गात राहिले, असं सांगतात. २७ ऑक्टोबर १९३७ ला पाँडिचेरीच्या वाटेवर एका लहानशा स्टेशनवर ते गेले. त्यांना आणून याच दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. आमच्या बडोद्याशीही त्यांचं नातं आहे. ते इथे दरबारी गायक होते, आणि त्यांच्या कन्या, गायिका हिराबाई बडोदेकर, यांच्या नावातलं बडोदं हेच. हिराबाईंचा जन्म मात्र मिरजेचा, १९०५ चा. आत्याला या गोष्टीचा फार अभिमान आहे. माहेर आणि सासर दोन्ही एका नावात आलं म्हणते.

तर गेल्या वर्षी मी उरुसाला जायचं ठरवलं. कार्यक्रमांच्या तारखा देणाऱ्या एका संकेतस्थळावर तारीख मिळाली, तिकिटं काढली, रजा टाकली. निघायच्या आदल्या दिवशी राहण्याचं पक्कं करायला मिरजेत फोन केला तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "बाई, उरूस झाला की गेल्याच आठवड्यात." संकेतस्थळाने आदल्या वर्षीचीच तारीख पुढे ढकलली होती. आत्या काही बोलली नाही. बॅगेतली शाल काढून कपाटात ठेवली. मला फार लागलं ते. ७६ व्या वर्षी अशी चूक पुन्हा व्हायला नको, म्हणून इथे विचारतेय. तारखा तिथल्या माणसांनाच ठाऊक असतात, बाहेरून शोधून मिळत नाहीत, हे मला कळून चुकलंय.

माझे प्रश्न असे:

उरुसाची तारीख नक्की कशावरून आणि कधी कळते? आत्याचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही, रात्रीचं जागरणही आता झेपेल का सांगता येत नाही. अशा माणसाला तिथे नेणं योग्य आहे का?

नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात नऊ दिवस गाणं असतं असं ऐकलं आहे. ते तिला जास्त सोयीचं पडेल का?

तानपुरा दुरुस्तीला आधी पाठवावा की सोबतच न्यावा? बडोद्यात एकाने "नवीन घ्या, इलेक्ट्रॉनिक घ्या" असं सांगून आम्हाला वाटेला लावलं. मला तो तानपुराच वाजता हवा आहे.

आणि सांगलीला ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचा कार्यक्रम असतो, तो याला जोडून घेता येईल का? आत्याला नाटकांचंही वेड आहे.

---

कृष्णाकाठ:

ताई, मी मिरजेचाच. आधी उरुसाचं सांगतो. उरूस हिजरी पंचांगावर चालतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. गेली काही वर्षं तो जानेवारी-फेब्रुवारीत येत होता. तुमच्या संकेतस्थळाने घोळ घातला तो इथेच. गावात महिनाभर आधी सगळ्यांना तारीख माहीत असते, मानाचे गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरी, कुणाचे कधी हे ठरलेलं असतं. पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. हिंदू-मुसलमान सगळं गाव त्यात असतं. तारीख ठरली की या धाग्यावर मी स्वतः लिहीन, हा शब्द देतो.

पण खरं सांगू का, आत्याबाईंना पहिल्यांदा उरुसात आणू नका. गर्दी फार असते, दुकानं, पाळणे, गाडी लांब लावावी लागते. गाणं रात्री उशिरापर्यंत चालतं आणि थंडी असते. नवरात्रात या. अंबाबाईच्या देवळातला संगीत महोत्सव घटस्थापनेपासून असतो. तिकीट वगैरे काही नाही. देवीपुढे सेवा म्हणून कलाकार गातात, वाजवतात. पत्रिका निघते त्यात कोण कुठल्या दिवशी ते असतं. मी फोटो टाकतो. घडीची खुर्ची सोबत ठेवा, भिंतीकडेला लावून बसता येईल.

आणि दर्ग्यात त्यांना दिवसा घेऊन जा. खाँसाहेबांच्या कबरीपाशी सकाळी शांत असतं. मिरजेत आलेला गाणारा माणूस तिथे डोकं टेकल्याशिवाय जात नाही.

---

पांढरी_चार:

तानपुऱ्याबद्दल लिहितो, कारण मी स्वतः माझा दोनदा मिरजेत नेऊन दुरुस्त केला आहे.

सोबतच न्या, आणि आत्याबाईंना कारागिरासमोर बसवा. कुरियरने पाठवून होण्यासारखं हे काम नाही. भोपळ्याची चीर ते बुजवतील, खुंटी बसवतील, त्यासाठी गाणाऱ्याची गरज नाही. पण जवारी गाणाऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे त्याचा षड्ज जिथे लागतो त्या स्वरावर, आणि त्याच्या कानावर लावतात. कारागीर घोडीचा माथा कानशीने अगदी हलका घासतो, तार चढवतो, खाली सुताचा धागा सरकवतो, ऐकतो, पुन्हा तार उतरवतो. असं कितीतरी वेळा. केसाइतका फरक पडला तरी नाद उघडतो किंवा मिटतो. "अजून थोडी खुली हवी" किंवा "बास, इथेच ठेवा" हे सांगायला ज्याचा तानपुरा तो समोर लागतो.

दुसरं, एक नाजूक गोष्ट. सोळाव्या वर्षी केलेला तानपुरा तेव्हाच्या आवाजाचा. काळी चार किंवा पाचचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या सुरावरचा असेल. आता आवाज नक्कीच खाली आला असणार. तारा त्याच जाडीच्या ठेवून खाली उतरवल्या तर ढिल्या पडून बदबदतात. आधी घरी त्यांना सहज गुणगुणायला लावा, पट्टी कुठे बसते ते पाहा, आणि कारागिराला तीच पट्टी सांगा. तो त्याप्रमाणे तारा घालेल. माझ्या आईच्या वेळी आम्ही हे विचारायला विसरलो आणि तिने लाजून सांगितलं नाही. दुरुस्त झालेला तानपुरा सहा महिने तसाच उभा होता.

नवीन घ्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात, महिनोन्महिने वाळवून मग कामाला घेतात. साठ वर्षं वाळलेलं लाकूड आणि भोपळा तुमच्याकडे आहे, तो आवाज नव्याला यायला तेवढीच वर्षं लागतील. फरीदसाहेबांपासून दीडशेहून अधिक वर्षं मिरजेत हे काम चालू आहे. हत्यारं घडवणारी शिकलगार मंडळी होती, ती वाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला त्या मानांकनापेक्षा गल्लीत अजून पोरं कानस धरायला बसतात याचा आनंद जास्त आहे, पण ती कमी होत चालली आहेत, हेही दिसतं.

चिरेचा फोटो काढून आधी पाठवा म्हणजे किती दिवस लागतील ते कळेल. गाडीत नेताना तारा सैल करा, घोडीवर मऊ कापड बांधा, आणि वरच्या बर्थवर आडवा झोपवा. भोपळ्यावर भार येता कामा नये. उभा टेकवून तर अजिबात ठेवू नका.

---

विश्रामबागकर:

५ नोव्हेंबरचं मी सांगते. ती तारीख पक्की, चंद्रावर नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांपुढे 'सीतास्वयंवर' केलं, त्याचा तो दिवस. भावे नाट्यमंदिरात त्या दिवशी भावे गौरव पदक दिलं जातं. पण नवरात्र आणि ५ नोव्हेंबर यांच्यात बरेच दिवस पडतात, दोन्ही एका फेरीत बसणार नाही. आत्यांना नाटकाची आवड असेल तर मिरजेतलं बालगंधर्व नाट्यगृह दाखवा. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. त्याआधी शाहू महाराजांनी त्यांना कानाच्या इलाजासाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पाठवलं होतं. आत्यांना हे बहुतेक माहीत असेलच. त्या पिढीतल्या मिरजेच्या बायकांना असतं.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद आत्याला वाचून दाखवले. गलेफाचं वाचताना तिने मला थांबवलं आणि तो रस्ता, ती गर्दी, सगळं स्वतः सांगितलं.

ठरलं ते असं: घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मिरजेत पोचायचं. बेंगळुरूकडे जाणाऱ्या काही गाड्या बडोद्याहून पुणे-मिरज करत जातात, म्हणजे वाटेत बदलायला नको. पहिले दोन दिवस तानपुऱ्याचे. मग अंबाबाईच्या देवळात तीन संध्याकाळी, झेपेल तेवढं. दर्ग्यात एका सकाळी. उरुसाचं पुढच्या वेळी, कृष्णाकाठ यांनी तारीख टाकली की बघू.

पट्टीचं लिहिलंत ते फार बरं झालं, मला सुचलंच नसतं. काल संध्याकाळी मी तिला काही न सांगता पेटी काढली आणि एकेक स्वर देत बसले. ती भाजी निवडत होती. काळी चारला ती गप्पच राहिली. पांढरी चारला थोडं ओढून पाहिलं. काळी दोनला तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि षड्ज लावला. आवाज कापरा होता, पण लागला आणि टिकला. पाच वर्षांनी ऐकला मी तो. तर कारागिराला काळी दोन सांगते.

आज तिने स्वतः खोळ काढून तारा सैल केल्या, घोडीवर माझ्या मुलीचं जुनं दुपटं बांधलं. आता एकच विचारायचं राहिलं: स्टेशनवरून गावात जायला रिक्षात तानपुरा आडवा मावतो का, की मोठी गाडी आधी सांगून ठेवावी?

---

कृष्णाकाठ:

रिक्षात नको, दांडी बाहेर राहते आणि रस्त्यात खड्डे आहेत. गाडीचा नंबर आणि डबा कळवा. माझ्याकडे मागची सीट पाडता येते अशी गाडी आहे, मी फलाटावर येतो.